पुढच्या हंगामाला टोमॅटो कोणता?



टोमॅटोचे शेवटचे तोडे चालले आहेत. खालची पाने करपून गेली, शेंड्याला चार-दोन बारकी फळे लोंबताहेत, सुतळी सैल पडली आहे, आणि घरात एकच विषय निघतो : तारा-बांबू कधी उतरवायचे आणि रान कधी मोकळे करायचे? मागे कांद्याची रोपे तयार होऊन वाट पाहत असतात. मग एखाद्या सकाळी चार माणसे लावून झाडे उपटली जातात, बांधावर ढीग होतो, आणि त्या ढिगाबरोबर हंगामभराची सगळी साक्षही बांधावर जाऊन पडते.

झाडे उपटायच्या आधी एक दिवस थांबा, एवढेच आज सांगायचे आहे. पुढच्या हंगामाला कोणते वाण लावायचे हे ठरवायची खरी वेळ हीच. आपण बहुतेक जण तो निर्णय मे महिन्यात, बियाण्याच्या दुकानात उभे राहून घेतो. समोर रंगीत पाकिटे, पाकिटावर लालभडक घोस, दुकानदार म्हणतो, "दादा, यंदा सगळे हेच नेताहेत." आणि आपणही तेच नेतो. सगळे नेताहेत हे खरे असेलही. पण सगळ्यांच्या रानात तुमची माती नाही, तुमच्या विहिरीचे पाणी नाही आणि तुमची लागणीची तारीखही नाही. तुमच्या रानाचे उत्तर तुमच्या मोडत्या प्लॉटमध्येच उभे आहे. ते वाचायचे कसे, ते पाहू.

पहिली गोष्ट. भाव हा वाणाचा गुण नव्हे. हे वाक्य ऐकायला सोपे आहे, पण पैसे हातात आले की विसरायला त्याहून सोपे.

२०२३ साल आठवा. त्या जुलैत शहरांतल्या बाजारात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, कित्येक ठिकाणी त्याहूनही पुष्कळ वर. सरकारने नाफेड आणि एनसीसीएफ या संस्थांकडून माल खरेदी करवून दिल्लीसारख्या शहरांत कमी दराने विकायला लावला. ऑगस्टमध्ये नेपाळचा टोमॅटोही देशात आला. आणि सप्टेंबर येतो न येतो तोच भाव असे कोसळले, की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडे निघणे मुश्कील झाले. आता बघा, जुलैत ज्याच्या झाडाला माल होता त्याचे वाण गावभर सोन्याचे ठरले. तेच वाण, त्याच दुकानातले, महिनाभर उशिरा लावलेल्या शेजाऱ्याच्या नशिबी माती आली. वाण एकच, फरक तारखेचा. पण पुढच्या मे महिन्यात मागणी कशाला? तर जुलैत पैसे करून दिलेल्या पाकिटाला! तारीख काही पाकिटात भरून मिळत नाही.

म्हणून हिशेब करताना आडत्याच्या पट्ट्या समोर घ्या, पण भावाचा आकडा आधी बाजूला ठेवा. प्रत्येक तोड्याला किती क्रेट निघाले, त्यांत एक नंबरचा माल किती, दोन नंबरचा किती, आणि झाडाखाली किंवा बांधावर टाकून दिलेला किती, एवढेच पाहा. या चार आकड्यांवर वाणाची छाप असते. भावावर असते ती बाजाराची. अर्थात व्यापारी एखाद्या वाणाच्या मालाला त्याच दिवशी, त्याच बाजारात, शेजारच्या मालापेक्षा दहा-वीस रुपये जास्त देत असेल, तर तो मात्र वाणाचा गुण झाला. तो जरूर धरा.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, अर्ध्या एकरात एका वाणाने हंगामात ४०० क्रेट माल दिला. त्यांत २८० क्रेट एक नंबरचे, १२० दोन नंबरचे. तेवढ्याच जागेत दुसऱ्या वाणाने दिले ३४० क्रेट, पण त्यांत ३०० एक नंबरचे आणि ४० दोन नंबरचे. चावडीवर बसून बोलायचे तर पहिले वाण जिंकले, साठ क्रेट जादा! आता सरासरी भाव एक नंबरला २०० आणि दोन नंबरला ८० रुपये धरा. पहिल्याचे झाले ६५,६०० रुपये, दुसऱ्याचे ६३,२००. अजून पहिलेच पुढे. पण तोडणी, निवड, भाडे, हमाली मिळून क्रेटमागे ४० रुपये खर्च वजा करा. पहिल्याचे उरले ४९,६०० आणि दुसऱ्याचेही ४९,६००. साठ क्रेट कमी तोडून, कमी वाहून, कमी निवडून पैसे तेवढेच. मजूर मिळत नाही अशा गावात यांतले कोणते लावाल, ते मी सांगायला नको. शिवाय ज्या वर्षी दोन नंबरच्या मालाला गिऱ्हाईकच नसते, त्या वर्षी पहिले वाण किती मागे पडेल, तेही याच हिशेबात घालून बघा.

हा हिशेब घरात कोणाला विचारायचा? क्रेट कोणी उचलले त्याला नव्हे, माल कोणी निवडला तिला. ओळखीच्या एका घरी दोघे भाऊ ओट्यावर बसून एका मोठ्या फळाच्या वाणाचे कौतुक करीत होते. थोरल्याची बायको आतून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही क्रेट मोजता, आम्ही टोपल्या मोजतो. पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी ते मोठं फळ देठापाशी फुटतंय. दिवसाला दोन-दोन टोपल्या गुरांपुढं टाकल्यात." धाकटा म्हणाला, "वहिनी, मग तेव्हाच बोलायचं की." तर ती म्हणाली, "इचारलं कुणी?" निवडायला बसलेल्या बाईच्या हाताखालून हंगामातले एकूण एक फळ जाते. कोणते फळ देठाशी फुटते, कोणत्याचे बूड काळे पडते, कोणते क्रेटच्या तळाला दबून पाणी सोडते, कोणत्याचा देठ तोडताना फळाला राहतो आणि शेजारच्या फळाला टोचतो, हे तिला पाठ असते. तिला सोबत घेतल्याशिवाय वाणाचा निर्णय करू नका.

आता दुसरी अडचण. वाणाचा दोष कोणता आणि हवामानाचा कोणता? इथे भल्याभल्यांची गल्लत होते.

उन्हाळी टोमॅटोच्या खांद्यावर पिवळा पट्टा राहतो, फळ लाल होतच नाही, अशी तक्रार दर वर्षी येते. टोमॅटोला लाल करणारे द्रव्य म्हणजे लायकोपिन. तापमान ३०-३२ अंशांच्या वर राहू लागले की ते नीट तयार होत नाही. पिवळे-नारिंगी द्रव्य मात्र होत राहते. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात उघडे पडलेले फळ पिवळटच राहते, मग वाण कोणतेही असो. यात वाणाचा भाग एवढाच, की ज्या झाडाला पाने भरपूर आणि फळे पानांच्या आड, त्याचा माल उन्हात कमी बिघडतो. तेव्हा उन्हाळ्यासाठी वाण निवडताना फळाआधी पानोळा बघा. तसेच फुलगळीचे. दिवसाचा पारा ३५ च्या पुढे आणि रात्रही उबदार, अशा दिवसांत परागकणच दुबळे होतात, फूल गळते. हिवाळ्यात घोसाला सहा फळे धरणारे वाण मेमध्ये दोनच फळे धरते, म्हणून त्याला वाईट ठरवू नये. त्याला उन्हाळ्यात लावू नये, इतकेच. काही वाणे उष्णता जास्त सोसतात. ती ओळखायची तर उन्हाळ्यातच ओळखता येतात.

फळाचे बूड काळे पडून चामड्यासारखे होते, त्याला पुष्कळ जण रोग समजतात आणि वाणाच्या माथी मारतात. तिथे फळाला कॅल्शियम पोचलेले नसते, आणि बहुतेक वेळा कारण असते पाण्याच्या अनियमित पाळ्या. आठ दिवस कोरडे, मग एकदम तुडुंब. लांबट फळाची वाणे याला जास्त बळी पडतात, हे खरे आहे. पण लाईट आठवडा-आठवडा रात्रीची येते म्हणून पाळी चुकते, हेही खरे आहे. पाण्याची खात्री नसेल तर लांबट फळाच्या नादी लागू नये. ठिबक असेल तर गोष्ट वेगळी.

फळ तडकणे हे मात्र बऱ्याच अंशी वाणावर असते. पातळ सालीचे, रसाळ फळ पावसात तडकणारच. खरिपात टोमॅटो करणाऱ्याने यंदाच्या सर्वांत मोठ्या पावसानंतरचा तोडा आठवावा. त्या एका तोड्यावर वाणाची पारख होते.

आणि रोग. २०२० च्या उन्हाळ्यात संगमनेर, अकोले, जुन्नर या पट्ट्यात टोमॅटोवर रंगीबेरंगी चट्टे आले, फळे खडबडीत झाली, आतून कडक राहिली. त्यात टाळेबंदी. काही वाहिन्यांनी त्याला "तिरंगा व्हायरस" असे नाव देऊन ही फळे खाणाऱ्याच्या जिवाला धोका असल्याची आवई उठवली, आणि शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान झाले. वनस्पतींवरचे असे विषाणू माणसाला बाधत नाहीत. तपासणीत जे विषाणू सापडले त्यांत काकडीवर्गीय पिकांवर येणारा कुकुंबर मोझॅकही होता. तो मावा किडीमार्फत पसरतो आणि काकडी, मिरची, तणे अशा कित्येक झाडांवर राहतो. त्या वेळी पुष्कळांनी सगळा राग बियाण्यावर काढून पुढच्या वर्षी वाण बदलले. वाण बदलले, पण शेजारचा काकडीचा वेल आणि बांधावरचे तण तसेच राहिले. मग नवे वाण तरी काय करणार?

पाकिटावर "रोगप्रतिकारक" असे लिहिलेले असते, त्याचाही अर्थ समजून घ्यायला हवा. कोणत्या रोगाला, हे विचारा. पांढऱ्या माशीमुळे येणाऱ्या पाने गुंडाळणाऱ्या विषाणूला दाद न देणारे वाण करप्याला बळी पडू शकते, आणि फुलकिड्यांनी पसरणाऱ्या विषाणूपुढे दोन्ही प्रतिकार कुचकामी ठरू शकतात. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेले अर्का रक्षक हे संकरित वाण तीन रोगांना तोंड देते : पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा. ही मोठीच सोय आहे. पण उशिरा येणारा करपा, जो ढगाळ, थंड, ओल्या हवेत दोन-चार दिवसांत प्लॉट जाळतो, तो या तिघांत नाही. आणि नागअळीसारखी फळाला-पानाला पोखरणारी टूटा ही कीड तर २०१४ मध्ये आपल्या पुणे भागात आढळली, तेव्हापासून ती सगळ्याच टोमॅटोवर आहे. तिच्यासाठी कामगंध सापळेच हवेत, पाकीट बदलून भागत नाही. तेव्हा यंदा तुमच्या रानात नुकसान कोणत्या रोगाने केले, ते एका शब्दात लिहून ठेवा. वाण निवडताना त्या एका रोगापुरते पाहा. बाकीच्या रोगांची यादी पाठ करून दुकानात जाण्यात अर्थ नाही.

मोडत्या प्लॉटमधून फेरी मारताना आणखी एक बघायचे. शेवटपर्यंत कोणती झाडे हिरवी राहिली? सगळ्या वाणांची झाडे सारखी वाढत नाहीत. काहींची वाढ ठरावीक उंचीला थांबते आणि माल थोड्या दिवसांत एकदम येतो. काही वेलासारखी चढतच राहतात, त्यांना बांबू-तार जास्त लागते, पण तोडे लांबतात. भावाचा भरवसा नाही, म्हणून लांबणारे तोडे बरे, असे काही जण मानतात, कारण दोन महिन्यांच्या तोड्यांत कुठेतरी बरा भाव सापडतोच. ज्याला पुढचे पीक वेळेवर घ्यायचे आहे, त्याला एकदम येऊन संपणारे वाण सोयीचे. माझे मत विचाराल तर, बांबू-तार उसनवार आणावी लागणाऱ्याने चढणाऱ्या वाणाच्या मोहात पडू नये. अर्ध्यातच आधार कमी पडतो आणि जमिनीला टेकलेले फळ सडते.

बाजार कोणता, यावरही पुष्कळ ठरते. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात माल देणार असाल, तर तिथून तो दूरच्या शहरांना ट्रकने जातो. व्यापाऱ्याला जाड सालीचे, कडक, रंग फुटू लागलेले फळ हवे असते. चवीचे त्याला काय? पण तुमचा माल तालुक्याच्या आठवडे बाजारात, तुमच्या घरच्याच बाईमाणसाच्या पाटीतून विकला जात असेल, तर गिऱ्हाईक फळ दाबून, वास घेऊन बघते. तिथे ते दगडासारखे फळ पाटीत तसेच राहते. गावात जे वाण सगळे लावतात ते व्यापाऱ्याच्या सोयीचे असते. पाटी घेऊन बसणाऱ्याने त्यांच्या मागे जायचे कारण नाही.

यावरून घरच्या टोमॅटोची गोष्ट निघते. आपल्याकडे कुठे याला भेद्रं म्हणतात, जुन्या माणसांच्या तोंडी बेलवांगी असाही शब्द असे. एकरभर टोमॅटो लावणाऱ्या घरातही सार करायला बसले की घरधनीण कुरकुरते : साल शिजत नाही, आंबटपणा नाही, रंग येत नाही. प्रवासाला चांगले ते सारात चांगले असेलच, असे नाही. जुन्या लोकांना पुसा रुबी आठवत असेल. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे हे वाण. फळ चपटे गोल, कडेला थोड्या रेघा, रसाळ आणि आंबट. ट्रकमध्ये घातले तर दुसऱ्या दिवशी रस गळू लागेल, पण सार आणि चटणी करावी तर त्याचीच. तिथल्याच पुसा अर्ली ड्वार्फचे झाड बुटके आणि माल लवकर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची धनश्री आणि भाग्यश्री ही वाणेही आहेत. ही सगळी सरळ वाणे, म्हणजे यांचे बी घरी धरता येते. बाजाराच्या प्लॉटला हात न लावता, पाटाच्या कडेला किंवा परसात अशी वीस-पंचवीस झाडे लावायला काय हरकत आहे?

संकरित वाणाचे बी मात्र घरी धरू नका. बेंगळुरूच्या इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्स या कंपनीने १९७३ मध्ये "कर्नाटक" नावाचे संकरित वाण आणले, तेव्हापासून आपल्याकडे टोमॅटोत संकरिताचे युग सुरू झाले, आणि आज बाजारासाठी लावलेला टोमॅटो बहुतेक संकरितच असतो. दोन वेगळ्या आईबापांपासून ते बी मुद्दाम तयार करतात. त्या पहिल्या पिढीची झाडे सगळी एकसारखी, जोमदार. पण त्यांच्या फळातले बी लावले की पुढच्या पिढीत आजा-आजीचे गुण फुटून निघतात. एक झाड उंच, एक ठेंगू, एकाचे फळ लांबट, दुसऱ्याचे चपटे. रोगाला तोंड देण्याचा गुण आईबापांपैकी एकाकडूनच आलेला असेल, तर पुढच्या पिढीत सरासरीने चारांतल्या एका झाडात तो नसतोच. फळ चवीला वाईट लागेल असे नाही. उकिरड्यावर आपोआप आलेल्या झाडाची फळे आपण आवडीने खातोच की! पण व्यापाऱ्याला एकसारखे क्रेट भरून द्यायचे असतील, तर हा पैसा वाचवणे महागात पडते.

सरळ वाणाचे बी धरायचे तर ते कामही झाडे उभी असतानाच करायचे. पाहायचे ते फळ नव्हे, झाड. एखादे फळ मोठे दिसले म्हणून त्याचे बी ठेवू नका. रोगट झाडाला एखादे मोठे फळ येतेच. जे झाड शेवटपर्यंत निरोगी राहिले, ज्याला घोस भरून लागले, ज्याची फळे वाणाला शोभतील अशी एकसारखी आहेत, अशी पाच-सहा झाडे पाहून त्यांना रंगीत चिंधी बांधा. त्यांवरची फळे झाडावरच पूर्ण पिकू द्या. मग कापून बी गरासकट स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात काढा आणि सावलीत एक-दोन दिवस आंबू द्या. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. अधूनमधून ढवळा. बियाभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो, वर फेस येतो, पोचट बी तरंगते, भरीव बी तळाला बसते. वरचे ओतून टाका, तळचे तीन-चार पाण्यांनी धुऊन ताटात पसरून सावलीत वाळवा. कागदावर वाळवाल तर बी कागदाला चिकटून बसेल आणि मग नखाने खरवडत बसावे लागेल. कडकडीत वाळले की झाकणाच्या बाटलीत भरा, कोरड्या, थंड जागी ठेवा आणि बाटलीवर वाणाचे नाव व साल लिहा. असे बी नीट ठेवले तर तीन-चार वर्षे उगवते. एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया असतात, त्यामुळे घरच्या लागणीला दोन चिमटीही पुष्कळ झाल्या. टोमॅटोचे फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून शेजारी दुसरे वाण असले तरी फारसे मिसळत नाही. तरीही चार-पाच ओळींचे अंतर असलेले बरे. आणि कोणी विचारलेच, तर २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने घरचे बी ठेवण्याचा, लावण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा तुमचा हक्क मान्य केलेला आहे. फक्त एखाद्या संरक्षित वाणाचे नाव छापून, पाकीटबंद करून ते विकता येत नाही.

आता नव्या वाणाचे काय? नवे घ्यायचेच नाही, असे मी म्हणत नाही. नवे घेतले नसते तर आपण अजून एकाच वाणावर बसलो असतो. पण सगळे रान एकदम नव्याच्या हवाली करू नये. दहा ओळींत एक ओळ नव्याची, हे प्रमाण सोसण्यासारखे आहे. ती ओळ बांधाकडेची किंवा पाटाच्या तोंडाची नको, कारण कडेच्या झाडांना ऊन-वारा-पाणी वेगळे मिळते आणि तुलना फसते. रोपे एकाच दिवशी टाका, एकाच दिवशी लावा, खत-पाणी-फवारणी सारखीच ठेवा. नव्या ओळीचे लाड करायचे नाहीत. त्या ओळीच्या दोन्ही टोकांच्या बांबूंना चिंधी बांधा आणि तोड्याच्या दिवशी तिचा माल वेगळ्या क्रेटमध्ये काढा. घाईत हेच नेमके राहून जाते. मजूर सरळ तोडत जातात, सगळे एकत्र होते आणि मग संध्याकाळी "नव्याचं बरं वाटलं" एवढाच हिशेब उरतो. शेजारच्या जुन्या वाणाच्या एका ओळीचा मालही तसाच वेगळा मोजा, तरच काही कळेल. आणि एका हंगामावरून निकाल देऊ नका. निदान दोन हंगाम, एक पावसाचा आणि एक कोरडा, पाहिल्यावर मग रान वाढवा.

लिहून ठेवायला जाड वही लागत नाही. शाळेच्या जुन्या वहीची दोन पाने पुरतात. लागणीची तारीख, पहिल्या तोड्याची तारीख, तोड्यागणिक क्रेट आणि टोपल्या. घरात आठवी-नववीतले पोर असेल तर हे काम त्याच्याकडे द्या, मुलीकडे दिले तर अधिक चांगले होईल. बियाण्याचे बिल आणि रिकामे पाकीट, त्यावरचा लॉट नंबर दिसेल असे, त्याच वहीत खोचून ठेवा. उगवणच झाली नाही किंवा पाकिटातून भलतेच वाण निघाले, तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार द्यायला हाच पुरावा लागतो. उभे पीक पाहणीसाठी शेतात असावे लागते, हेही ध्यानात ठेवा. झाडे उपटून टाकल्यावर मग तक्रार केली तर पाहायला येणारा माणूस पाहणार काय?

रान बदलायलाही विसरू नका. यंदा टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा होता तिथेच पुन्हा टोमॅटो लावला, तर चांगले वाणही मरेने बसते. ही चारही एकाच घरची भावंडे आहेत, त्यांचे दुखणेही सामाईक. मध्ये मका, ज्वारी, कांदा असे काही येऊ द्या.

दोन पत्रांची उत्तरे राहिली आहेत. एका भगिनीने विचारले आहे, की दोन नंबरचा पिकलेला माल रोज उरतो, तर पुढच्या वर्षी केचपला चालणारे वाण लावावे का? ताई, केचपला गर जास्त, पाणी आणि बी कमी, रंग गडद असे फळ लागते. रोमासारखे लांबट वाण किंवा वर सांगितलेली भाग्यश्री त्याला बरी. पण आधी यंदाच्या उरलेल्या मालाचे चार किलो घेऊन घरी आटवून बघा, किती उतरते ते मोजा, सरपण किंवा गॅस किती लागला तेही धरा. चार ओळी घरच्या वापरासाठी लावा, विकण्याचा विचार गिऱ्हाईक ठरल्यावर. दुसरे पत्र एका तरुण बंधूंचे आहे. ते विचारतात, "वाण तर चांगले निघाले, पण रोपवाटिकेतून तयार रोपे आणली होती आणि वाणाचे नाव आता आठवत नाही, काय करू?" बंधू, रोपवाटिकेच्या पावतीवर नाव असेल, नसेल तर त्यांच्या वहीत तुमच्या तारखेला काय गेले ते या आठवड्यातच जाऊन बघा. पुढे रोपे आणाल तेव्हा त्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटाचा मोबाईलवर फोटो काढून घ्या आणि पावतीवर वाणाचे नाव व लॉट नंबर लिहून मागा. देत नसतील तर रोपे दुसरीकडून आणा.